शाळेबाहेर, मुलांच्या कलानं शिकणं: सोलापुरात दिवस कसा बसवायचा, कागद कोणते जपायचे, दहावीचं काय?

धागा_धोटा

नमस्कार मंडळी. मोठा मुलगा ९ वर्षांचा, तिसरीपर्यंत मराठी माध्यमात शिकला, यंदा जूनपासून घरी आहे. धाकटी ६ वर्षांची, तिचं नाव अजून कुठंच घातलेलं नाही. आम्ही अशोक चौकाच्या मागं राहतो. मिस्टर यंत्रमागावर पाळीनं जातात, माझं घरी शिवणकाम. सासूबाई घरीच असतात, त्यांचं बोलणं बरंचसं तेलुगूत.

घरात फळा टांगून दुसरी शाळा भरवायची नाही, एवढं आमचं ठरलंय. मुलांच्या कलानं चालायचं. पण कलानं म्हणजे रोज नेमकं काय करायचं आणि कोणती गोष्ट मुळीच सोडायची नाही, हे कळत नाही. सकाळपासून दिवस कसा बसवायचा? गणिताचं काय? कुणी चौकशीला आलं तर? आणि दहावीला कसं बसवायचं, विशेषतः धाकटीला, जिच्याकडं शाळेचा एकही कागद नसणार? "आवडेल ते करू द्या" एवढ्यावर भागणार नाही, जाणकारांनी सविस्तर सांगावं.

दाखला_जपा

ताई, कागदांपासून सुरू करते. शिकण्यातली चूक सहा महिन्यांनी सुधारता येते, राहिलेला कागद मात्र ऐन दहावीच्या वेळी आडवा येतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, वय ६ ते १४. मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण ते न केल्यास पालकांना दंड किंवा शिक्षा त्या कायद्यात नाही. घरी शिकण्याला परवानगी देणारं कलम नाही, थेट बंदी घालणारंही नाही. त्यामुळं परवानगीचं पत्र असा प्रकारच नसतो. ते काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. याच कायद्याचं कलम ४ तुमच्या उपयोगाचं आहे. उद्या मूल शाळेत जायचं म्हणालं तर वयाला साजेशा वर्गातच प्रवेश द्यावा लागतो. दहा वर्षांच्या पोराला पहिलीत बसवता येत नाही.

मोठ्याचा शाळा सोडल्याचा दाखला काढला नसेल तर या आठवड्यात काढा. मूळ प्रत लॅमिनेट करू नका, पुढं त्यावर शिक्के घ्यावे लागतात. तिन्ही वर्षांची प्रगतिपुस्तकं, सरल या राज्याच्या ऑनलाइन नोंदीतला विद्यार्थी क्रमांक आणि यू-डायस या देशभरच्या शालेय नोंदीतला पेन, म्हणजे मुलाचा कायमचा क्रमांक, एका कागदावर लिहून ठेवा. दाखला निघाल्यावर मुलाची नोंद यू-डायसमध्ये ड्रॉपबॉक्स नावाच्या यादीत जाते. पुन्हा प्रवेश घेताना नवी शाळा तिथूनच ती ओढून घेते. क्रमांक हाताशी असला की हे काम लवकर होतं.

सगळ्यात जास्त अडकतं ते नावाच्या क्रमावर. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, जन्माच्या दाखल्यावर नुसतं "बाळ". दोन्ही मुलांच्या जन्मदाखल्यावर पूर्ण नाव आहे का ते आजच बघा, नसेल तर महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात लावून घ्या. त्याच स्पेलिंगनं आधार दुरुस्त करा. धाकटीला शाळेचा दाखलाच नसणार, म्हणून जातीच्या दाखल्यासाठी वडिलांचे आणि आजोबांचे शाळेचे दाखले शोधून ठेवा.

दहावीचे रस्ते असे. राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे खाजगी विद्यार्थी. त्याला मान्यताप्राप्त शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला तो जड जातो. दुसरा रस्ता राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा. त्यात पाचवीची परीक्षा १० वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची १३ पूर्ण झाल्यावर देता येते. ज्यांना मधे एखादं प्रमाणपत्र हाताशी हवं त्यांनी हा जरूर धरावा. तिसरा रस्ता एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, ज्याचं विभागीय केंद्र पुण्यात आहे. तिथं दहावीला किमान वय १४. आठवीचं प्रमाणपत्र नसेल तर अभ्यास झाल्याचं स्वतःचं घोषणापत्र चालतं. धाकटीसाठी हाच सरळ मार्ग. किमान ५ विषय, त्यात निदान एक भाषा. नोंदणी ५ वर्षं टिकते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. परीक्षा एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोनदा होतात. पास व्हायला ३३ टक्के, आणि प्रात्यक्षिक असलेल्या विषयात लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हीत वेगवेगळे ३३ हवेत. मुलं कुठं घसरतात? टीएमए नावाचे गृहकार्याचे पेपर असतात, त्यांचं वजन २० टक्के. ते वेळेत दिले नाहीत की तेवढे गुण हातचे जातात.

विषय निवडताना "गणित नको, गृहविज्ञान आणि चित्रकला घेऊ" असं करता येतं, पण त्यानं अकरावी विज्ञानाचं दार जवळजवळ बंद होतं. चौदाव्या वर्षी ते दार मुलानं स्वतः ठरवून बंद करावं, आपण नाही. परीक्षा केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. पुढं राज्याच्या कोट्यातल्या व्यावसायिक प्रवेशांना दहावी-बारावी इथून झालेली विचारतात.

काय गमावता तेही सांगते. शिष्यवृत्ती परीक्षा, शालेय क्रीडा स्पर्धा, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला हे सगळं शाळेमार्फत चालतं. खेळाची आवड असेल तर त्या त्या खेळाच्या जिल्हा संघटनेच्या वयोगट स्पर्धा बघा.

माळरान

मी दिवसाबद्दल लिहितो.

मोठा तिसरीपर्यंत शाळेत होता, म्हणजे पहिले काही महिने तो काहीच "करताना" दिसणार नाही. घरी शिकवणाऱ्यांमध्ये ढोबळ हिशेब असा असतो की शाळेच्या प्रत्येक वर्षामागं एक महिना मोकळा द्यावा. बालवाडी धरली तर चार महिने. या काळात लोळणं, कंटाळा, "आता काय करू" हे चालणारच. याच वेळी घाबरून पालक क्लास लावतात आणि मुलाला कळतं की कलानं चालायचं हे नुसतं बोलणं होतं. मोकळीक म्हणजे मोबाइल मोकळा असं मात्र नव्हे. चार्जर बाहेरच्या खोलीतच ठेवा, दुपारी जेवणापर्यंत फोन कुणीच घ्यायचा नाही, मोठ्यांनी सुद्धा. आणि फोन बक्षीस म्हणून कधी द्यायचा नाही, त्यानं बाकी सगळी कामं शिक्षा वाटू लागतात.

तासांचं वेळापत्रक नको, पण दिवसात तीन वेळा ठरलेल्या हव्यात, रोज त्याच. सकाळी हातापायाचं काम, दुपारी मोठ्यानं वाचून दाखवणं, संध्याकाळी मैदान. मधला सगळा वेळ त्यांचा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं असतो, तेव्हा बाहेरचं जे काही असेल ते सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. नळाला पाणी येतं तो दिवस मोडलेला नसतो. घरातली भांडी, हंडे, टाकी लिटरमध्ये मोजायला तोच दिवस बरा. दहा लिटरची बादली किती सेकंदांत भरते, त्यावरून ५०० लिटरची टाकी भरायला किती वेळ लागेल, आणि प्रत्यक्षात जास्त वेळ का लागला? दाब कमी होत जातो, हे पोरालाच शोधू द्या.

सोलापुरात राहून गणित-विज्ञानाला साहित्य विकत आणायची गरज फार कमी. यंत्रमागाच्या घरात सुताचा काउंट रोज कानावर पडतो. २० काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या २० लडी, म्हणजे १६,८०० यार्ड धागा. ४० काउंटमध्ये तेवढ्याच वजनात दुप्पट लांबी. म्हणजे आकडा मोठा तसा धागा बारीक. व्यस्त प्रमाण याहून चांगलं पुस्तकातही नाही. चालू मागाजवळ मात्र मुलांना उभं करू नका. धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारा तुकडा, उडतो, पट्टे उघडे असतात, आवाजानं कान जातात. बंद माग दाखवा. उभा-आडवा धागा, आडव्या धाग्याची कांडी, उभ्या धाग्याचा बीम सगळं शांतपणे कळतं.

पेपरात उजनी धरणाचा पाणीसाठा येतो. उन्हाळ्यात तो "उणे ३० टक्के" असा छापतात. पाणी उणे कसं असेल, हा प्रश्न मूल स्वतःच विचारतं. मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, साधारण ६३.७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यावरचा उपयुक्त साठा साधारण ५३.६. शून्य धरलंय ते मृतसाठ्याच्या पातळीला. उणे ३० म्हणजे ५३.६ चे ३० टक्के, सुमारे १६.१, खाली. म्हणजे धरणात अजून ४७.६ टीएमसी आहे. ऋण संख्या, टक्केवारी आणि शून्य कुठं धरायचं हा विचार, तिन्ही एकाच बातमीत.

बाहेर जायला केगावचं विज्ञान केंद्र, भुईकोट किल्ला, हिप्परग्याच्या तलावावर हिवाळ्यातले पक्षी, बार्शी रस्त्याला नान्नजचं माळढोक अभयारण्य. पार्क चौकातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्याखालची नावं आधी वाचा, मग १९३० चा मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ची फाशी सांगा. पुतळा रोज रस्त्यात दिसत असला की इतिहास लक्षात राहतो. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, आधी सिद्धेश्वरांच्या ६८ लिंगांचा नकाशा काढायला घ्या, रविवारी पाच-सहा लिंगं चालत. दिशा, अंतर, प्रमाण सगळं त्यात येतं.

सासूबाई तेलुगू बोलतात हे मोठं धन आहे, त्यांना मराठीत बोलायला लावू नका. सिद्धरामेश्वरांची, म्हणजे सिद्धेश्वरांचीच, वचनं कानडीत, आजीचं बोलणं तेलुगूत, बाजारात मराठी आणि दखनी. चार भाषा कानावरून गेलेलं मूल इंग्रजीला बिचकत नाही.

एक काटेकोरपणे पाळा. प्रत्येक गोष्टीचा धडा करायचा नाही. मूल पक्षी बघतंय, तुम्ही लगेच "किती आहेत, मोज बरं" म्हणालात की तो पक्षी संपला. मी वर लिहिलेली उदाहरणं मुलाकडून प्रश्न आल्यावर काढायची आहेत.

पाऊण_इंच

माळरान दादांशी बऱ्याच अंशी सहमत, पण गणित फक्त प्रश्न येतील तेव्हा करायचं म्हटलं तर त्यात ठरावीक भोकं राहतात, आणि ती कुठं राहतात ते आधीच सांगता येतं.

ताईंच्या घरात टेप आहे. टेपवर अर्धा, पाव, पाऊण, दोन आणे इंच म्हणजे १/८ हे सगळं मूल उचलेल. पण टेपचे सगळे भाग दोनानं दुभागलेले. १/३ आणि २/५ शिवणकामात जवळपास येतच नाहीत, बाजारातही नाहीत, कारण सव्वा-दीड-अडीच ही आपली सगळी भाषा पावाची आहे. मग तेराव्या वर्षी १/३ + १/४ समोर आलं की मूल अडतं. उपाय सोपा आहे. उरलेल्या कापडाच्या २४ इंच लांब पट्ट्या कापा, निदान सहा. २४ ला २, ३, ४, ६, ८, १२ सगळ्यांनी भाग जातो. एकीच्या तीन समान घड्या, ८ इंचाची एक. दुसरीच्या चार, ६ इंचाची एक. दोन्ही जोडून मोजा, १४ इंच. म्हणजे १४/२४, म्हणजेच ७/१२. समान छेद का करायचा हे हातानं कळतं. ताणणारं होजिअरी कापड घेऊ नका, मापं चुकतात.

तशीच दुसरी भोकं: लांब भागाकार, हातच्याची वजाबाकी मधे शून्य आल्यावर (३००४ − १२८७ करून बघायला सांगा, कुठं अडतोय ते लगेच दिसेल), दशांश चिन्हानंतरची स्थानं, आणि अक्षरं घालून केलेलं गणित. पैशात दशांशाचे दोनच अंक येतात, म्हणून मुलं २.५ पेक्षा २.४५ मोठं म्हणतात, ४५ बघून.

म्हणून आठवड्यात चार दिवस १५ ते २० मिनिटं गणिताला ठरवून द्या. सहा ते आठ उदाहरणं, जास्त नाही. त्यातली दोन जुन्या भागातली. बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. ती धडा १, धडा २ अशी करायची गरज नाही. अनुक्रमणिकेची छापील प्रत भिंतीवर लावा आणि येणाऱ्या भागावर खूण करा. चार महिने ज्या ओळीवर खूण झाली नाही, तिथं मुद्दाम जायचं. पाढे समजल्याशिवाय पाठ नकोत, पण समजल्यावर पाठ हवेतच, दहापर्यंत तरी. नाहीतर भागाकारात प्रत्येक पायरीला पोरगं थांबतं आणि मुळात काय करत होतो तेच विसरतं.

धागा_धोटा

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्ट्यांचं आजच करते. धाकटीचं वाचन अजून सुरू नाही, अक्षरं दाखवली की पळते. थांबावं का? आणि शिवणात दोघंही मदत करतात, बटणं लावणं, काजाचे दोरे काढणं. ते शिकण्यात धरायचं ना?

काना_मात्रा

सहाव्या वर्षी अक्षरं न येणं हे काळजीचं कारण नाही. पण नुसतं थांबू नका, रोज २० मिनिटं मोठ्यानं वाचून दाखवणं चालूच हवं, ओळीखाली बोट फिरवत. मराठीत एक सोय आहे, अक्षर आणि आवाज बहुतेक ठिकाणी एकास एक असतात, म्हणून एकदा जमलं की वाचन झपाट्यानं येतं.

अ, आ, इ, ई च्या क्रमानं जाऊ नका. दिसायला वेगळी आणि शब्द लवकर बनवणारी अक्षरं आधी घ्या: क, म, न, र, ल, ग आणि सोबत काना. पहिल्याच आठवड्यात काका, मामा, नाना, काम, गाल, लाल वाचता येतं, आणि वाचता येतंय हे कळणं हीच मुलाला पुढं नेणारी गोष्ट. मग वेलांटी, मात्रा, उकार. सारखी दिसणारी अक्षरं एका आठवड्यात कधी घेऊ नका: घ-ध, भ-म, प-ष, थ-य, ब-व, ड-ढ-द. जोडाक्षरं शेवटी, त्यातही 'र'ची सगळी रूपं वेगवेगळी करून: सूर्यातला रफार, प्रकाशातला, ट्रकमधला, दुसऱ्यातला. इथं बहुतेक मुलं अडखळतात, कारण सूर्यात र आधी उच्चारतात पण लिहितात पुढच्या अक्षरावर.

पळते कारण पाटी दिसली की परीक्षा वाटते. पाटी बाजूला ठेवा. गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत नावं असतातच, पिशव्यांना नावाच्या चिठ्ठ्या लावायचं काम तिला द्या. कुणाची पिशवी कुठली, हे वाचल्याशिवाय कळणार नाही.

थांबायची हद्द मात्र ठरवून ठेवा. आठ पूर्ण झाली, वर्षभर नियमित प्रयत्न झाले, तरी क-म-ल जोडून 'कमल' होत नसेल, कालचं अक्षर आज अनोळखी वाटत असेल, यमक ओळखता येत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासा आणि मग बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानं अध्ययन अक्षमतेची चाचणी. शाळेत एखाद्या बाईंच्या नजरेला हे पडलं असतं, घरी ती नजर फक्त तुमची आहे. परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतीही त्या प्रमाणपत्रावरच मिळतात.

शिवणाबद्दल स्पष्ट सांगते. मुलानं स्वतःच्या बाहुलीचा झगा आखला, कापला, उसवला, पुन्हा शिवला, ते शिकणं. रोज पन्नास कपड्यांना बटणं, कारण सणाची ऑर्डर आहे, ते काम. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला कायद्यानं बंदी आहे, घरच्या धंद्यात थोडी मदत चालते ती शाळेच्या वेळेबाहेर आणि धोका नसेल तिथं. तुमच्या घरी शाळेची वेळच नाही, म्हणून ही रेघ तुम्हीच आखून घ्यायची. ऑर्डरच्या मालाला मुलांचा हात नको असा नियम केला तर गोंधळ होत नाही.

माळरान

पाऊण_इंच यांचं पटलं, अनुक्रमणिकेवर खुणा करण्याची पद्धत चांगली आहे.

एक राहिलं होतं, आरोग्याचं. शाळेत जी लस आणि गोळ्या आपोआप मिळतात त्या घरच्या मुलांच्या राहून जातात. डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) दुसरा बूस्टर ५ ते ६ वर्षांत, तो धाकटीचा झालाय का बघा. टीडीची (धनुर्वात, घटसर्प) लस १० व्या आणि १६ व्या वर्षी, म्हणजे मोठ्याला पुढच्याच वर्षी. दोन्ही महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात फुकट. जंतनाशक गोळी शाळेत न जाणाऱ्या मुलांना अंगणवाडीत मिळते, तिथल्या सेविकांकडं दोघांची नावं देऊन ठेवा.

धागा_धोटा

आमच्या भागात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं. गुरुजी किंवा बाई दारात आल्या तर काय बोलायचं? सासूबाई घाबरतात.

दाखला_जपा

दार उघडायचं, बसायला सांगायचं, पाणी द्यायचं. येणारे शिक्षक वादाला येत नाहीत, त्यांना यादीत नाव आणि कारण भरायचं असतं. मूल कामाला जातं का, घरात कोंडून ठेवलंय का, हे त्यांनी बघायलाच हवं. ज्या मुलांवर खरोखर ती वेळ येते, त्यांच्यासाठीच हे सर्वेक्षण आहे.

खोटं सांगू नका. "गावाकडच्या शाळेत आहे" म्हटलं की नोंद चुकते आणि पुढं तीच निस्तरावी लागते. "दोघं घरी शिकतात, दहावी मुक्त विद्यालयातून देणार" एवढं सरळ सांगा आणि वही दाखवा. आठवड्याला एक पान: तारीख, काय वाचलं, गणितात काय झालं, कुठं गेलो, मुलानं विचारलेला एखादा प्रश्न त्याच्याच शब्दांत. महिन्याला मुलाच्या हातचा एक कागद त्यात चिकटवायचा, चुकांसकट, न सुधारता. ही वही रोज लिहायला घेतली तर महिन्यात सुटते, म्हणून रविवारी दहा मिनिटं. जन्मदाखला, आधार आणि लसीकरण कार्डाच्या प्रती त्याच फाईलला जोडा. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, प्रत द्या. आलेल्यांचं नाव, शाळा आणि तारीख वहीत टिपून घ्या. कशावर सही मागितली तर आधी वाचा आणि भरलेल्या कागदाचा फोटो काढा.

तुम्ही माप घ्यायला बाहेर गेला असाल तर सासूबाईंनी काय सांगायचं, ते तेलुगूत त्यांच्याशी आधी बोलून घ्या आणि फाईल कुठल्या फळीवर आहे ते दाखवून ठेवा.